माणूस खोलीत बसला पाहिजे

तैलरंगात हात बसू लागला की बहुतेकांना आधी चेहरा साधतो. वर्ष-दीड वर्षात नाक-डोळे जागच्या जागी येतात, साम्य येतं, घरचे खूश होतात. मग एक दिवस मोठा कॅनव्हास आणला जातो आणि माजघरात भाजी निवडणारी आजी काढायला घेतली जाते. आजी हुबेहूब उतरते. माजघरही चांगलं उतरतं. कोनाडा, फडताळ, फरशी, सगळं. तरी बघताना काहीतरी खटकत राहतं. जत्रेतल्या फोटो स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढे माणूस उभा करावा, तशी आजी त्या खोलीच्या पुढ्यात ठेवलेली दिसते.

ही चूक चेहऱ्यात शोधून सापडत नाही, खोलीत शोधूनही नाही, कारण ती दोघांच्या मध्ये असते. प्रत्यक्षात माणूस खोलीत बसलेला असतो तेव्हा आपण दोघांकडे एकाच जागेवरून पाहत असतो. एकच उजेड दोघांवर पडलेला असतो. शिवाय खोली थोडी माणसावर उमटलेली असते आणि माणूस थोडा खोलीवर. चित्रात यातलं एक जरी निसटलं तरी माणूस सुटा पडतो.

हे मी माझ्याच एका चित्राच्या आधाराने सांगते. वाईच्या आमच्या जुन्या घरात मावशी पाटावर बसून पितळी परातीत तांदूळ निवडते आहे. माजघराला एकच गजांची खिडकी, चित्रात डाव्या हाताला. मागे चुन्यात नीळ घालून रंगवलेली भिंत, खाली शहाबादी फरशी. हे चित्र मी दोनदा काढलं. पहिलं फसलं, आणि ते का फसलं हे शोधताना हा सगळा विषय मला उलगडला.

डोळा कुठे आहे

पहिल्या खेपेला मी मावशीचा चेहरा तिच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसून रंगवला. परात, मांडी आणि फरशी मात्र नंतर, उभ्याने काढलेल्या फोटोवरून. इथेच घात झाला.

चित्रकाराच्या डोळ्यांच्या उंचीवर एक आडवी रेषा कल्पायची असते. तिला क्षितिजरेषा म्हणतात. बंद खोलीत क्षितिज कुठून आलं, असं माझ्याकडे शिकणारी मुलं हमखास विचारतात. मी त्यांना सांगते, खोलीत तुमच्या डोळ्यांपर्यंत पाणी भरलंय असं समजा. पाण्याच्या पातळीखाली जे जे आहे त्याचा माथा तुम्हाला दिसणार, पातळीच्या वर जे आहे त्याचा तळ दिसणार. पातळीच्या नेमक्या उंचीवर असलेली फळी नुसती रेघ दिसणार.

आता परात घ्या. ती मावशीच्या मांडीवर, जमिनीपासून सुमारे फूटभर उंच. मी आठ फुटांवर उभी असेन आणि माझे डोळे पाच फुटांवर असतील, तर परातीचं गोल तोंड लंबगोल दिसतं आणि त्याची उभी बाजू रुंदीच्या जवळजवळ निम्मी असते. मी स्टुलावर बसले आणि डोळे तीन फुटांवर आले, तर तीच उभी बाजू रुंदीच्या पावपटीवर येते. मी चेहरा एका पातळीवरून काढला होता आणि परात दुसऱ्या. बघणाऱ्याला गणित येत नसतं, पण रोज ताट-वाट्या पाहणाऱ्या डोळ्याला ते बरोबर कळतं. त्याला वाटतं, आता परातीतले तांदूळ सांडणार.

म्हणून पहिला नियम: खोली आणि माणूस एकाच जागेवरून पाहायचे. ईझलची, म्हणजे चित्र टेकवायच्या घोडीची, जागा खडूने फरशीवर आखून ठेवायची, स्टुलाचीसुद्धा. मोबाइलवर फोटो काढायचाच असेल तर दूर जाऊन काढा, कारण मोबाइलचा मुख्य कॅमेरा रुंद कोनाचा असतो. जवळून घेतलेल्या फोटोत गुडघे मोठे होतात आणि डोकं लहान.

फरशीचा इथे फार उपयोग होतो. आमची फरशी दोन फुटी आहे, म्हणजे जमिनीवर आयती मोजपट्टी आखलेली आहे. पाट कितव्या फरशीवर सुरू होतो, गुडघा कितवीवर येतो, हे मोजून घेतलं की माणसाला खोलीत हक्काची जागा मिळते. आत जाणाऱ्या सगळ्या सांधरेषा क्षितिजरेषेवरच्या एकाच बिंदूकडे धावतात. हा बिंदू कॅनव्हासवर पक्का करायची एक जुनी रीत आहे. डच चित्रकार योहानेस व्हर्मिअर (१६३२–१६७५) त्या जागी टाचणी रोवून तिला खडू लावलेला दोरा बांधायचा आणि दोरा ताणून कॅनव्हासवर मारायचा. आपले सुतार फळीवर सूत मारतात, अगदी तसंच. अॅमस्टरडॅमच्या रायक्सम्युझियममध्ये असलेल्या त्याच्या दूध ओतणाऱ्या मोलकरणीच्या चित्रात ते टाचणीचं भोक आजही आहे, तिच्या उजव्या हाताच्या थोडं वर. म्हणजे क्षितिजरेषा तिच्या डोळ्यांच्या खाली आहे. आपण तिच्याकडे किंचित खालून पाहतो, आणि स्वयंपाकघरातली साधी बाई गाभाऱ्यातल्या मूर्तीसारखी भरीव दिसते. चित्र अवघं ४५.५ गुणिले ४१ सेंटीमीटरचं आहे, हे मात्र ऐकून खरं वाटत नाही.

एका खिडकीचा उजेड

त्याच चित्रापाशी आणखी थांबू या, कारण उजेडाबद्दल त्याच्याइतकं शिकवणारं चित्र मला दुसरं माहीत नाही. खिडकी डाव्या हाताला आहे. उजेड आपल्या डावीकडून येतो, म्हणजे चित्रात बाईची डावीकडची बाजू उजळ आहे आणि उजवीकडची सावलीत. आता तिच्या मागची भिंत पाहा. खिडकीला लागून असलेला भाग काळपट आहे आणि उजवीकडे जावं तशी भिंत उजळत जाते. प्रथम हे उलटं वाटतं, कारण खिडकीजवळ जास्त उजेड हवा ना? पण ज्या भिंतीला खिडकी आहे तिच्या अगदी कडेला, मागच्या भिंतीवर, उजेड फार तिरका पडतो, जवळजवळ घसरून जातो. व्हर्मिअरने हे निरीक्षण हेरलं आणि वापरलं. बाईच्या उजळ बाजूमागे काळोखी भिंत आली, सावलीच्या बाजूमागे उजळ भिंत आली. दोन्हीकडून आकृती सुटून उठते आणि तरी खोलीतलीच राहते. सावलीच्या बाजूला तर त्याने बाह्यरेषेवर एक बारीक पांढरी रेघही ओढली आहे.

या चित्रात आधी बाईच्या डोक्यामागे मुठीची भांडी (जग) टांगायची फळी होती आणि खाली उजवीकडे निखाऱ्यांची टोपली. रायक्सम्युझियमने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या तपासणीत या गोष्टी रंगाच्या थराखाली दिसल्या. व्हर्मिअरने त्या पुसून भिंत मोकळी केली. उरले फक्त खिळे, खिळ्यांची भोकं आणि भिंतीवरचा उजेड. विद्यार्थी कोनाड्यातली समई, कॅलेंडर, घड्याळ, सगळं काढायच्या मागे लागतात तेव्हा मी त्यांना ही गोष्ट सांगते.

आता उजेडाच्या उताराकडे वळू या. छोट्या खिडकीपासून अंतर दुप्पट झालं की उजेड साधारण चौथाईवर येतो. खिडकी मोठी असेल किंवा आपण अगदी जवळ असू तर उतार इतका तीव्र नसतो, पण असतो नक्की. मावशीचा डावा गुडघा खिडकीपासून चार फुटांवर आणि उजवा साडेसहा फुटांवर. दोन्ही गुडघ्यांवर तेच लुगडं, तोच हिरवा रंग, पण उजव्यावर निम्म्याहूनही कमी उजेड. पहिल्या चित्रात फरशीवरचा हा उतार मी मन लावून रंगवला होता. मावशीवर मात्र दोन्हीकडे सारखाच उजेड होता, कारण माझं लक्ष तिच्या चेहऱ्यावर होतं. खोली संध्याकाळची आणि मावशी दुपारची, असं काहीसं झालं.

उजेड कुठल्या दिशेचा, हाही प्रश्न आहे. स्टुडिओला उत्तरेची खिडकी हवी असं युरोपातल्या पुस्तकांतून आलेलं शहाणपण आहे, कारण तिकडे भर दिवसा उत्तरेकडून ऊन येत नाही, फक्त आकाशाचा थंड, स्थिर उजेड येतो. आपल्याकडे हे अर्धंच खरं. मुंबई १९ अंश उत्तरेला आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य भर दुपारीसुद्धा डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत तो पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो. त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ ऊन घुसतं. आमच्याकडे माणूस समोर बसवून काढायच्या चित्रांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सोन्यासारखे. त्यातही रोज एकाच वेळी दोन तास, त्यापुढे नाही. उजेड सरकला की चित्र झाकून ठेवायचं.

डोळे किलकिले करा

रंगापेक्षा आधी टोन. टोन म्हणजे एखादी जागा किती उजळ किंवा किती काळोखी, एवढंच. तिचा रंग कोणता ते बाजूला ठेवायचं.

अडचण अशी की खोलीतला उजेड आपल्या ट्यूबमध्ये मावत नाही. टिटॅनियम व्हाइट पडलेल्या उजेडापैकी सुमारे ९० टक्के परत फेकतो, काळा रंग तीन-चार टक्के. म्हणजे आपल्या हातात सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळोख्या जागेतला फरक जेमतेम पंचवीस-तीस पट. खिडकीबाहेरचं आकाश आणि फडताळाखालचा कोपरा यांत हजार पटींचाही फरक असू शकतो. डोळा बाहुली लहान-मोठी करून, इकडेतिकडे फिरून दोन्ही पाहतो. रंगाला ते शक्य नाही. मग काहीतरी सोडावं लागतं. माझ्या चित्रात मी खिडकीबाहेरचं परस सोडलं. तिथे केळी होती, आड होता, पण ते सगळं जवळजवळ पांढऱ्यात विरघळू दिलं, कारण मला टोनची सगळी पुंजी मावशीच्या चेहऱ्यावर आणि तांदळावर खर्च करायची होती. ज्याने खिडकीबाहेरचं झाडही रंगवलं आणि कोपऱ्यातला हंडाही उजळला, त्याच्या चित्रात माणसाला उजेड उरत नाही.

टोन कळायचा सोपा उपाय म्हणजे डोळे किलकिले करून पाहणं. बारीकसारीक तपशील पुसले जातात आणि चार-पाच मोठे डाग उरतात. तेच आधी कॅनव्हासवर मांडायचे. यात एक गोष्ट प्रत्येकाला चकवते. सावलीतला पांढरा उजेडातल्या तपकिरीपेक्षा काळा असू शकतो. मावशीचे पांढरे केस सावलीच्या बाजूला, खिडकीजवळच्या लाकडी चौकटीपेक्षा काळपट होते. मन म्हणतं, केस पांढरेच. खात्री करायची तर करड्या पुठ्ठ्याला दोन छोटी भोकं पाडा आणि एकातून केस, दुसऱ्यातून चौकट पाहा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला विश्वासच बसत नाही.

अंगाचा रंग आणि तांदळाचा उजेड

ट्यूबवर 'फ्लेश टिंट' लिहिलेला गुलाबी रंग आपल्याकडच्या माणसांसाठी निरुपयोगी आहे, आणि खरं तर कुणासाठीच फारसा उपयोगी नाही. अंगाला एकच रंग नसतो. कपाळ पिवळसर, गाल-नाक-कान तांबूस, हनुवटी आणि जबड्याजवळ करडेपणा. स्वीडनचा चित्रकार अँडर्स झॉर्न पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन आणि आयव्हरी ब्लॅक अशा चारच रंगांच्या पॅलेटसाठी ओळखला जातो. शिकणाऱ्याने एकदा तेवढ्यावर काम करून पाहावं. मी मावशीसाठी बर्न्ट सिएना, यलो ऑकर, थोडा कॅडमियम रेड, अल्ट्रामरिन आणि पांढरा एवढेच घेतले.

खिडकीतून आकाशाचा उजेड येतो तेव्हा उजळ भाग निळसर थंड आणि सावल्या तुलनेने उबदार दिसतात. सावळ्या अंगावर तर नाकाच्या शेंड्यावरची, गालाच्या हाडावरची चमक स्पष्ट निळसर असते. नुसता पांढरा लावला की ती खडूसारखी दिसते. दिव्याच्या उजेडात सगळं फिरतं. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या मुलीचं म्हैसूरमधलं प्रसिद्ध चित्र आठवा. ते जलरंगातलं आहे, पण धडा तोच: ज्योतीपुढे धरलेल्या बोटांमधून उजेड आरपार येतो आणि बोटं आतून पेटल्यासारखी तांबूस होतात. अंग काही लाकूड नाही, उजेड त्यात थोडा शिरतो. खिडकीकडे पाठ केलेल्या मुलाचे कान पाहा, तेच दिसेल.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे दुसरं चित्र उभं राहिलं. मावशीचा चेहरा खाली झुकलेला, म्हणजे हनुवटीखाली दाट सावली असायला हवी. मी तशी रंगवलीही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिच्या जबड्याखाली, गळ्याच्या वळ्यांवर, मंद उजेड होता. तो वरून येत नव्हता, खालून येत होता. खिडकीचा उजेड परातीतल्या तांदळावर पडत होता आणि तांदूळ तो तिच्या तोंडावर परत पाठवत होते. परातीच्या पितळेची किंचित पिवळी झाक त्यात होती. तिने तांदूळ एका बाजूला सारले की ती जागा क्षणभर मंदावे. कोपराच्या खालच्या बाजूला लुगड्याचा हिरवा उमटला होता. पाठीमागच्या भिंतीची निळसर झाक तिच्या दंडाच्या सावलीच्या कडेवर होती.

याला परावर्तित प्रकाश म्हणतात, आणि माणसाला खोलीत बांधून ठेवणारा सगळ्यात पक्का धागा हाच आहे. फक्त एक जपावं. हा उजेड सावलीत असतो, त्यामुळे तो कितीही सुंदर असला तरी उजळ बाजूच्या कुठल्याही भागापेक्षा मंदच राहिला पाहिजे. तो जास्त उजळला की तोंड टिनच्या भांड्यासारखं चमकतं.

असाच दुसरा धागा जमिनीवर आहे. पाटाची कड फरशीला जिथे टेकते तिथे चित्रातली जवळजवळ सर्वांत गडद, बारीक रेघ असते. तिथून पडछाया जसजशी दूर जाते तसतशी फिकी आणि मऊ होते, कारण खिडकीला लांबी-रुंदी असते आणि तिचा कुठला ना कुठला भाग त्या जागेला दिसू लागतो. ही टेकण्याची रेघ विसरली की माणूस तरंगतो. कडांचंही असंच. ज्या कडा चाकूसारख्या कापलेल्या असतात त्यांनी माणूस खोलीतून सुटतो. मावशीच्या नाकाची कड मी तीक्ष्ण ठेवली, पाठीची कड ओल्या रंगातच कोरड्या ब्रशने पुसून मागच्या काळोखात मिसळू दिली. तिची पाठ चित्रात नेमकी कुठे संपते ते सांगता येत नाही, आणि माजघरातही सांगता येत नव्हतं.

थरांवर थर

तैलरंग वाळतो म्हणजे पाण्यासारखा उडून जात नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. त्यामुळे खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात जास्त, हा क्रम पाळावा लागतो. उलटं केलं तर वरचा थर आधी आवळतो, खालचा अजून हलत असतो, आणि तापलेल्या दुधावरच्या सायीसारख्या भेगा पडतात. माझा पहिला थर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबरचा, नुसत्या टोनचा. अंबरमधल्या मँगनीजमुळे तो लवकर वाळतो, एक-दोन दिवसांत पुढे जाता येतं. काळा आणि अॅलिझरिन (गडद लाल) फार सावकाश वाळतात, त्यांना खाली जाड लावू नये. कोकणात पावसाळ्यात तर सगळंच लांबतं आणि कॅनव्हासही सैलावतो.

या पहिल्या तपकिरी थरात मी माणूस आणि खोली एकत्रच मांडते. एकच ब्रश, एकच रंग, भिंतीपासून गालापर्यंत न थांबता. आधी माणूस पुरा करून मग मागची जागा भरायची सवय असेल तर ती सोडा. वर सांगितलेले बहुतेक दोष त्या सवयीतूनच येतात. पुढे रंगाच्या थरांतही गालावर एक हात फिरला की तोच ब्रश शेजारच्या भिंतीवर न्यायचा.

एक काळजीची सूचना. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता निघते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या मोकळ्या हवेत पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी हवी.

ज्यांना हे सगळं प्रत्यक्ष पाहायचं आहे त्यांना फार लांब जायला नको. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून या परंपरेचे चित्रकार तयार झाले. त्यांपैकी गोव्यातल्या सांग्याचे ए. एक्स. त्रिंदाद (१८७०–१९३५), ज्यांना पूर्वेचे रेम्ब्रांट (सतराव्या शतकातला डच चित्रकार) म्हणत, त्यांच्या चित्रांचा संग्रह पणजीला फुंदासाओ ओरिएंत या संस्थेत आहे. तिथे जाल तेव्हा चेहऱ्यांकडे शेवटी बघा. आधी सावलीची बाजू मागच्या जागेत कशी शिरते ते शोधा. छापील पुस्तकात हे भाग नुसते काळे येतात, मूळ चित्रात तिथेच सगळं चाललेलं असतं.

मावशीचं चित्र पुरं झाल्यावर मी ते वर्षभर व्हार्निशशिवाय ठेवलं, कारण तेल आतपर्यंत वाळायला तेवढा वेळ द्यावा लागतो. मग ते माजघरातच लावलं, खिडकी डाव्या हाताला येईल अशा भिंतीवर. सकाळी दहाच्या सुमाराला खिडकीचा उजेड ज्या बाजूने फरशीवर उतरतो, त्याच बाजूने तो चित्रातल्या फरशीवरही उतरलेला असतो. उजवीकडे खिडकी असलेल्या खोलीत ते मी एकदा लावून पाहिलं होतं. तिथे परातीतले तांदूळ विझल्यासारखे दिसत होते.